सुग्रीवची गाडी गुणगुणते

दिवेलागण झाली की चारा छावणीतली माणसं जनावरांपुढं उसाचं वाढं टाकायची, हात धोतराला पुसायची आणि दूध सोसायटीच्या भिंतीकडं निघायची. सोसायटीत दूध यायचं केव्हाच बंद झालं होतं. गायीच्या आचळात नाही ते डेअरीच्या कॅनमध्ये कुठून यावं? पण भिंत चांगली चुन्यानं रंगवलेली, पांढरीफटक होती, आणि तिच्याकडं तोंड करून सुग्रीवची काळी-पिवळी जीप उभी असायची. सुग्रीव नव्हता. त्याला जाऊन महिना उलटून गेला होता. माणसं जमायची ती त्याच्याशी बोलायला.

हो, बोलायलाच. हसायच्या आधी तिथं एकदा उभं राहून बघायला पाहिजे होतं. झुंबरबुवांचा चेला स्टार्टर मारायचा. इंजिन धडधडायचं, हेडलाइटचा उजेड भिंतीवर पसरायचा आणि दारातल्या स्पीकरमधून तो आवाज यायचा. ना गाणं, ना बोलणं. नाकातल्या नाकात कुणी गुणगुणावं तसा. चेल्यानं रेस वाढवली की आवाज चढायचा, पाय काढला की उतरायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा, कारण हा आवाज वाडीतल्या प्रत्येकानं आधी ऐकलेला होता. सुग्रीव गाडी चालवताना असाच गुणगुणायचा. मांजरसुंब्याचा घाट लागला की त्याचं गुणगुणणंही गाडीबरोबर वर चढायचं आणि मागं बसलेल्या बायका पदराआड हसायच्या.

मग बुवा प्रश्न घ्यायचे. पुढच्या सीटवर गादी टाकून ते बसलेले, हातात मोरपिसांचा कुंचा. कुणी विचारायचं, म्हैस छावणीत जगंल का. बुवा डोळे मिटायचे, कुंचा हळूच डॅशबोर्डकडं हलवायचे. सीटखालच्या मोठ्या स्पीकरमधून एकच ठोका पडायचा, जमिनीतून पायांत शिरणारा, आणि त्याच क्षणी भिंतीवरचा उजेड मान टाकल्यासारखा बसायचा, पुन्हा वर यायचा. हा झाला होकार. ठोका पडला नाही तर नकार. एकदा कुणीतरी विचारलं, उद्या टँकर येईल का. ठोका पडला, उजेड बसला, लोकांनी हात जोडले. टँकर काही आला नाही. दुसऱ्या दिवशी बुवांनी सांगितलं की काल गर्दीत कुणीतरी अशौचातला माणूस उभा होता. लोक टँकर विसरले आणि तो माणूस शोधत बसले.

छावणी चालवणारे सोसायटीचे चेअरमन भगवानराव यांनी बुवांना शाल दिली, ती काही उगाच नाही. दरबार सुरू झाल्यापासून पेंड कमी का येते हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बुवांचं शास्त्र मात्र ऐकण्यासारखं होतं. "मानसाचा आत्मा पंचतत्त्वात जातो," ते सांगायचे. "पर ह्ये पोरगं विहिरीत गेलं, आन विहिरीत पानी न्हवतं. जलतत्त्वानं घेतलं न्हाई. मग बिचारं जाईल कुठं? ते तेजतत्त्वात शिरलं. आन तेजतत्त्व कुठं आसतंय? ब्याटरीत." एवढं बोलून ते असे थांबायचे की समोरच्यानं वा म्हणावं. लोक म्हणायचेही. रोज सकाळी जीपची बॅटरी पार बसलेली असायची. बुवा सांगायचे की रात्री आत्मा ती पितो. दुपारी भगवानरावांची माणसं ती छावणीच्या जनरेटरवर लावून चार्ज करून आणायची. आत्म्याच्या जेवणाची सोय सोसायटीकडून चालली होती. जनावरांची तेवढी नीट चालली असती तर बरं झालं असतं.

सुग्रीवची थोरली बहीण गीता चौसाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दहावं उरकून शाळेसाठी ती सासरी परतली होती. वाडीवरून फोनवर काहीबाही कानावर येत होतं, पण ते खरं वाटेना. शनिवारची शाळा सुटल्यावर ती एसटीनं आली आणि पिशवी हातात तशीच धरून गर्दीच्या कडेला उभी राहिली.

आवाज सुरू झाला. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिलाही वाटलं की सुग्याच आहे. भूत नसतं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याचंही काळीज असतंच की. मग तिची नजर मधल्या सीटवर गेली. तिथं तिची माय, छबुबाई, मांडी घालून बसली होती. तिचा तळवा सीटच्या रेक्झिनवरून हळूहळू फिरत होता, तापात पडलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तोंडावर हसू होतं. लेक दिसताच ती म्हणाली, "गीते, आलीस का. ऐक, गुनगुनायलाय."

सुग्रीव गेला तो गाळ काढताना. छावणीला पाणी पुरेना म्हणून तरण्या पोरांनी जुन्या विहिरीतला गाळ उपसायला घेतला होता. वरच्या कडेचा एक दगड सुटला. त्याला बाहेर काढलं तेव्हा माय विहिरीच्या काठावर उभी होती आणि तिनं हूं की चूं केलं नव्हतं. मौतीला रडली नाही, दहाव्याला रडली नाही. बायकांनी रडवायचा प्रयत्न केला, थोबाडीत मारून पाहिलं, तरी डोळ्यांत टिपूस नाही. तेराव्या दिवशी गीताच्या वडिलांनी, आबांनी म्हणजे धुळाजींनी, पाहुण्यांना फाट्यावर सोडायला म्हणून जीप सुरू केली. गुणगुणणं ऐकू आलं आणि माय पळत बाहेर आली. तेव्हापासून ती जीपमध्येच होती. जेवायला आणि आंघोळीला तेवढी उतरायची. झुंबरबुवा धारूरच्या बाजूचे. वास लागावा तसे दोन-चार दिवसांत येऊन पोचले.

दरबार उठल्यावर सुग्रीवची बायको विमल गीताला चुलीपाशी घेऊन बसली. तान्ही पोर मांडीवर झोपली होती. विमलनं हळू आवाजात सगळं सांगितलं. उद्या अमावस्या. उद्याच्या दरबारानंतर बुवा गाडी आपल्या मठात घेऊन जाणार, तिथं ती कायमची उभी करणार, तरच आत्म्याला गती मिळणार. आबांनी चारचौघांत शब्द दिला होता. दुष्काळानं शेत गेलेलं, दूध गेलेलं. फाट्यावरून चौसाळ्याला माणसं ने-आण करणारी ती जीप तेवढी घराला जगवणारी होती. आबांना गाडी चालवता येत होती आणि परमिटही होतं.

"गाडी गेली तर दिवाळीनंतर मला भावाबरुबर ऊसतोडीला कोयता धरावा लागंल, आक्का," विमल म्हणाली. "ह्या लेकराला फडात पाचटावर निजवायचं. मी जाईन, माझं काय न्हाई. पर आत्याबाई त्या गाडीसंगं मठात जाऊन बसनार हायेत. त्या तिथून परत येत न्हाईत."

गीतानं विचारलं, तुला काय वाटतं, कोण गुणगुणतंय? विमलनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली की तो माझ्याशी तरी बोलला असता.

रविवारी दुपारी छावणी उन्हानं सुस्तावली होती. जनावरं खाली बसलेली, माणसं शेडनेटखाली आडवी. विमलनं सासूला भाकरी खायला घरात नेलं. भगवानरावांची माणसं चार्ज केलेली बॅटरी नुकतीच जोडून गेली होती. गीतानं आबांना जीपपाशी बोलावलं आणि स्टार्टर मारायला सांगितलं. त्यांनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मारला.

काल रात्री तिला झोप लागली नव्हती, पण त्याचं कारण नुसतं दुःख नव्हतं. दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक, सगळ्या डॅशबोर्डवर झेंडूचे हार होते, आरशावर, स्टिअरिंगवर, काचेवर. फक्त गाण्यांच्या डेकच्या तोंडावर एक पाकळी नव्हती. एवढ्या भक्तांना नेमकी तीच जागा कशी मोकळी सोडावीशी वाटली? डेकला एक पेनड्राइव्हही लावलेला होता, आणि तो सुग्रीवचा नव्हता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते गुणगुणणं. ते बुवाच्या हाताबरोबर नाही, चेल्याच्या पायाबरोबर चढत-उतरत होतं.

तिनं मधली सीट उचलली. खाली सुग्रीवचा मोठा स्पीकर आणि त्याला ताकद देणारा अॅम्प्लिफायर. लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून जीपला मागणी यावी यासाठी त्यानं हे सगळं हौसेनं बसवलं होतं. बसवताना गीता माहेरी होती आणि लिंबाखाली त्याच्याशेजारी बसून वायरी धरत होती. काळी वायर जिथं पत्र्याला आवळायची तिथला रंग त्यानं पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा चकचकीत केला होता. ती म्हणाली होती, एवढं कशाला घासतोस? त्यावर तो मान वर न करता म्हणाला होता, "आक्का, हितलं अर्थिंग पक्कं पायजे. न्हाईतर गाडी रडती. येड्या लोकांला वाटतंय भूत आलं. भूतबीत काई नसतंय, अर्थिंग ढिलं आसतंय."

आता त्या चकचकीत जागी हिरवट-पांढरं बुरशीसारखं काहीतरी फुगून आलं होतं. बोल्ट त्यात बुडालेला. नाक जवळ नेलं तर उग्र वास आला.

"आबा, ह्ये काय सांडलंय?"

धुळाजी म्हणाले, सांडलं नाही, ओतलंय. सुतक फिटल्यावर घरात गोमूत्र शिंपडतात तसं गाडीतही शिंपडायचं होतं. एरवी गाडी आधी धुतली असती, पण टँकर आलेला नव्हता. छावणीत गोमूत्राला काय तोटा? अकराव्याला सकाळी कॅनभर आणून आतून सगळी गाडी गोमूत्रानंच धुऊन काढली. तेराव्याला गाडी सुरू केली तेव्हा आवाज आला. आणि आवाज सीटखालून येतो असं मायला वाटलं, म्हणून ती तेव्हापासून रोज पहाटे तांब्याभर गोमूत्र तिथं ओतते. लेकाची जागा पवित्र राहावी म्हणून.

गीतानं सुग्रीवची हत्याराची पेटी उघडली, वायरीचा एक तुकडा घेतला, पत्र्यावर दुसरीकडं स्क्रू-ड्रायव्हरनं रंग खरवडला. वायरीचं एक टोक अॅम्प्लिफायरच्या काळ्या खुंटीला लावलं आणि दुसरं त्या खरवडलेल्या पत्र्यावर दाबलं.

गुणगुणणं थांबलं. नुसतं इंजिन राहिलं.

टोक उचललं, पुन्हा गुणगुणणं सुरू झालं. दाबलं, थांबलं. उचललं, सुरू. खात्री व्हायला हे एकदा करून पुरेसं होतं. पण ती टोक उचलून तशीच बसून राहिली आणि भावासारखा तो आवाज ऐकत राहिली, तो भाऊ नाही हे आता पुरतं कळलेलं असूनही.

आबा बघत होते. त्यांना वायरीतलं काही कळलं नसेल, पण लेकीचा चेहरा कळला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिच्यापुढं हात जोडले. बापानं लेकीला हात जोडू नयेत, पण जोडले.

"गाडी वाचीव, बाई. त्या बुवाला हाकल. पर त्यो आवाज ऱ्हाऊ दी. तुज्या मायला त्याच्याबिगर काई न्हाई."

गीतानं मान डोलावली. तिनं बोल्टला हात लावला नाही, सीट होती तशी ठेवली. शाळेतल्या बाईनं असं करावं का? ते नंतर ठरवू. तिनं फक्त कपाळावरची टिकली काढली आणि डेकच्या कोपऱ्यात रिमोटसाठी जो काळा बारीक डोळा असतो त्यावर चिकटवली. टिकलीही काळीच होती, दिसली नसती.

संध्याकाळी अमावस्येची गर्दी काय वर्णावी. शेजारच्या वस्त्यांवरून बैलगाड्या आल्या, फाट्यावरचे ढाबेवाले आले, भगवानराव पांढऱ्या कपड्यांत पुढं बसले. चेल्यानं स्टार्टर मारला. गुणगुणणं सुरू झालं आणि शेकडो डोकी एकदम झुकली. बुवांनी विचारलं, "बाळा, तुला आज मठात यायचं हाय का?" आणि कुंचा हलवला.

काही झालं नाही. भिंतीवरचा उजेड जसाच्या तसा.

बुवांनी पुन्हा विचारलं, कुंचा जरा जवळ नेला. नाही. मग जोरात. मग तर कुंचा डेकवर जवळजवळ आपटलाच. गर्दीत कुजबुज सुरू झाली. ठोका नाही म्हणजे नकार, हे बुवांनीच शिकवलं होतं. एक म्हातारी स्पष्ट म्हणाली की पोराला जायचं नाही वाटतं. बुवांच्या कपाळाला घाम आला. ते म्हणाले की आत्मा रुसलाय, गर्दीत कुणीतरी विटाळशी बाई उभी आहे.

गीता पुढं आली. तिनं सगळ्यांसमोर डेकवरची टिकली काढली, पुन्हा कपाळाला लावली आणि म्हणाली, "आता इचारा म्हाराज. आता ऐकू जाईल त्याला."

बुवांनी कुंचा पाठीमागं नेला. पण आबा तिथंच होते. त्यांनी बुवांचं मनगट धरलं आणि पिसांच्या मुठीतून, दोऱ्यानं बांधलेला, बिस्किटाएवढा रिमोट ओढून काढला. गीतानं तो घेतला आणि बटण दाबलं. ठोका पडला, उजेड बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा बसला. तिनं विचारलं, भगवानरावांच्या छावणीत पेंड पुरेशी येते का? आणि बटण दाबलं नाही. मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग तिनं सांगितलं की ह्या पेनड्राइव्हवर ढोलाचा एकेक ठोका भरलाय. एवढा मोठा स्पीकर एक ठोका देताना बॅटरीतला करंट गपकन ओढतो, गाडीची बॅटरी लहान आणि जुनी, म्हणून तेवढ्यापुरते दिवे मंद होतात. आणि रात्रभर डेक चालूच राहतो म्हणून सकाळी बॅटरी बसते. सुग्या म्हणायचा, ह्या सीझनला मोठी बॅटरी टाकू. ते राहून गेलं.

चार-दोन तरणे बाह्या सारून पुढं सरसावले. गीता मध्ये उभी राहिली. तिला मारामारी नको होती. आणि तेवढ्या उसंतीत बुवांना त्यांची वाचा परत सापडली. असली माणसं हुशार असतात, त्यात वाद नाही.

"ठीक हाय," ते गर्दीला म्हणाले. "उत्तरं मी देत होतो, तुमच्या समाधानासाठी. पर ह्यो आवाज? ह्यो तर रिमोटचा न्हाई. आताबी चालू हाय, ऐका. बाई, तुमी शिकलेल्या हायसा. छातीवर हात ठिवून सांगा, ह्यो कुनाचा आवाज हाय?"

इंजिन धडधडत होतं आणि त्यावर ते गुणगुणणं. आबांनी मान डावीउजवीकडं हलवली, लेकीला दिसेल एवढीच. गीताला वाटलं, गप्प बसावं. पण गप्प बसलं की गाडी मठात जाणार, हे बुवाच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. विमल पोरीला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकली होती. आणि मधल्या सीटवरून माय तिच्याकडं बघत होती.

"सांग गीते," माय म्हणाली. "तुला म्हाईत हाय काईतरी. दुपारपसून तू माझ्याकडं बघत न्हाईस."

मग गीता मायपाशी गेली, गर्दीपाशी नाही. तिनं मायला हाताला धरून खाली उतरवलं, सीट उचलली, तो हिरवा पडलेला बोल्ट दाखवला. स्पीकरकडं गेलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडं परत यावा लागतो, ती त्याची वाट. गोमूत्रात क्षार असतात, त्यानं ती वाट गंजून बुजली. ओढ्याचं पात्र गाळानं भरलं की पाणी जसं शेतात शिरतं, तसा करंट मग डेककडून आलेल्या गाण्याच्या वायरीतून फिरायला लागला, आणि इंजिनवर फिरणाऱ्या डायनामोची घुणघुण त्याच वाटेनं स्पीकरमध्ये शिरली. इंजिन जोरात फिरलं की घुणघुण चढते. घाटात सुग्याचं गुणगुणणं चढायचं, तशी. म्हणून तसं वाटतं.

तिनं वायरीचा तुकडा लावून दाखवला. आवाज गेला. काढला. आला.

छबुबाईनं ते दोनदा बघितलं. मग विचारलं, "म्हंजे मी रोज वतत हुते, त्येनं?"

"व्हय, माय. गाडी धुतली तवाच सुरू झालं हुतं, वतल्यानं वाढलं. त्यात तुजी चूक न्हाई."

"त्यो न्हवताच?"

हे उत्तर गीतानं वर्गात शंभरदा दिलेलं होतं. "न्हवता, माय," ती म्हणाली. "ह्ये मला त्यानंच शिकीवलं हुतं. अर्थिंग ढिलं झालं की गाडी रडती म्हनला हुता."

मायनं पेटीतला पॉलिश पेपर स्वतः उचलला, गुडघ्यावर बसली आणि तो पत्रा घासायला लागली. कुणी तिला थांबवलं नाही. हिरवा चुरा तिच्या बोटांना लागत होता. खालून पत्रा चमकायला लागल्यावर तिनं पाना मागितला. गीतानं वायर बसवून धरली आणि मायनं बोल्ट आवळला, दात-ओठ खाऊन, पुन्हा फिरणार नाही असा.

आता नुसतं इंजिन वाजत होतं. कुठल्याही जीपचं वाजतं तसं. छबुबाईनं दाराच्या स्पीकरला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग तिनं कान काढला, आणि जमिनीवर बसून असा हंबरडा फोडला की छावणीतली जनावरं उठून उभी राहिली. महिनाभर तटलेलं रडू होतं ते. विमल धावत आली आणि सासूच्या गळ्यात पडली. आबा तोंड फिरवून भिंतीकडं गेले.

बुवा कधी निसटले हे कुणी पाहिलं नाही. भगवानरावांच्याच गाडीतून गेले असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी छावणीत पेंडीबद्दल विचारणा झाली, हेही कळलं. पण त्या संध्याकाळी कुणाला त्यांची पर्वा नव्हती. लोक एकेक करून, आवाज न करता घरी गेले.

आता मला विचाराल, त्या माउलीला एवढा एक आवाज राहू दिला असता तर काय बिघडलं असतं? मीही स्वतःला विचारलं आहे. बिघडलं असतं ते हे, की ती मठातल्या एका बंद गाडीत बसून राहिली असती, सून कोयता घेऊन फडात गेली असती, आणि गेलेल्या पोराच्या नावानं एक लबाड माणूस उत्तरं देत राहिला असता. गेलेलं माणूस गेलं, हे म्हणायला छाती लागते. ते म्हटल्याशिवाय रडता येत नाही आणि रडल्याशिवाय पुढं जगता येत नाही. तुमच्याही दारात कधी कुणी येऊन सांगेल, तुमचं माणूस इथं अडकलंय. त्याच्या पाया पडायच्या आधी एवढं करा: सीट उचलून बघा. वायर कुठं जाते ते बघा. कुठं फूल वाहायला मनाई आहे ते बघा. ज्याचं खरं असेल तो बघू नका म्हणणार नाही.

जीप आता फाट्यावरून चौसाळ्याला जाते-येते. धुळाजी चालवतात. डेक लावत नाहीत, पण काढूनही टाकलेला नाही. गीताला भेटायला छबुबाई कधीमधी त्याच जीपनं जाते, नातीला मांडीवर घेऊन, मधल्या सीटवर. मागच्या खेपेला गाडी मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली तेव्हा मागच्या बायकांना गुणगुणणं ऐकू आलं, नाकातल्या नाकात, बिनशब्दांचं, चढाबरोबर चढत जाणारं. एकीनं दचकून स्पीकरकडं बघितलं. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनीच दाखवलं. छबुबाई खिडकीबाहेर बघत होती, नात तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि गुणगुणत ती म्हातारीच होती.